बांधापलीकडची अमेरिका

माझा जगाचा नकाशा ज्या माणसानं कात्रीनं उभा कापला, त्याच्याबद्दल मी आज प्रेमानं लिहायला बसले आहे, यावरूनच माणूस कसा असेल याचा अंदाज यावा.

देवळाली प्रवरेच्या एका ज्युनियर कॉलेजात मी तेव्हा भूगोल शिकवायला नुकतीच लागले होते. भूगोलाच्या खोलीत धड म्हणावा असा एकच नकाशा होता, पाठीला कापड लावलेला. एका सोमवारी तासाला गेले तर भिंतीवर भलतंच जग. जन्मभर डाव्या हाताला पाहिलेली अमेरिका कुणीतरी उचलून पार उजवीकडे नेऊन चिकटवली होती. मधे अख्खा पॅसिफिक महासागर पसरलेला आणि त्यातून वर-खाली गेलेली एक जाडजूड शिवण, खळ जास्त झाल्यानं फुगलेली. पोरं खाली माना घालून हसत होती. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "अमेरिका सरांनी केलंय."

अमेरिका सर म्हणजे आमचे इतिहासाचे सर. अमेरिकेला कधी गेले नव्हते, जायची इच्छाही नव्हती. पण अमेरिका समुद्र ओलांडून कुठं कुठं गेली, कुणाच्या घरात शिरली आणि आत शिरल्यावर काय म्हणाली, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मी तणतणत स्टाफरूममध्ये गेले. सर कपबशीत चहा ओतून फुंकत बसले होते.

"मॅडम, तुमच्या नकाशात पॅसिफिक दोन्ही कडांना फाटलेला होता," ते शांतपणे म्हणाले. "अमेरिका पश्चिमेला पाऊल टाकत टाकत कुठवर आली, ते पोरांना दिसणार कसं? मी फक्त समुद्र जोडला."

"पण विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

दुसऱ्याच्या मुलखात घुसणारा प्रत्येक जण अगदी हेच म्हणत आला असेल, असं मी फटकन बोलले. सर रागावतील असं वाटलं होतं. उलट ते इतके खूश झाले, की उरलेला चहा त्यांनी माझ्यापुढं सरकवला. त्या दिवसापासून आमची मैत्री जमली. नकाशा मात्र तसाच राहिला आणि पुढची कित्येक वर्षं मी पॅसिफिकच्या प्रवाहांऐवजी त्या शिवणीबद्दलच जास्त खुलासे देत राहिले.

त्या नकाशावर सर टिकल्या लावायचे. परदेशात जिथं जिथं अमेरिकेचा लष्करी तळ आहे, तिथं तिथं एक लाल टिकली. टिकल्या अर्थातच वहिनींच्या. वहिनी म्हणजे त्यांची बायको, मोठी रोखठोक बाई. "बाजारातून आनलेलं पाकीट आठवडाभर टिकत न्हाई," त्या मला सांगायच्या. "जर्मनीला टिकली, जपानला टिकली, आन मी हळदी-कुंकवाला जायचं मोकळ्या कपाळानं." हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियासाठी तर सरांनी मुद्दाम बारीक टिकली मागितली होती, बेट लहान आहे म्हणून. तिथल्या मूळ लोकांना बोटीत घालून कसं हुसकून लावलं हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

शिकवायची त्यांची तऱ्हा साखरपट्ट्यातल्या पोरांना बरोबर कळायची. हवाई बेटांची गोष्ट ते उसापासून सुरू करत. आधी धर्म सांगायला माणसं आली. त्यांची पोरं तिथंच वाढली, जमीन विकत घेता येईल असा कायदा झाला, आणि बघता बघता मळेच्या मळे त्यांचे झाले. मग राणी नकोशी झाली. बंदरात अमेरिकेचं लढाऊ जहाज उभं होतं, त्यातले शिपाई किनाऱ्यावर उतरले आणि रक्त सांडू नये म्हणून राणीनं माघार घेतली. "आधी पाव्हणा, मग वाटेकरी, मग मालक," सर बोटावर मोजून दाखवायचे. "आणि शंभर वर्षांनी त्यांच्या संसदेनं रीतसर ठराव करून माफी मागितली. माफी मागितली हो! गुंठाभर जमीन परत दिली नाही." हे वाक्य ते दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी तितकेच चकित होत.

त्यांच्या प्रश्नपत्रिकाही तशाच. 'स्पेनने फिलिपाइन्स बेटे अमेरिकेला विकली, तेव्हा सातबारा कोणाच्या नावावर होता?' असा प्रश्न त्यांनी सहामाहीला घातला होता. एका पोरानं उत्तर लिहिलं, 'तलाठी रजेवर असल्यामुळे सांगता येत नाही.' सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि तो पेपर स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. बोर्डाच्या परीक्षेत मात्र असलं काही लिहू नका, अशी तंबी पोरांना प्रत्येक तासाच्या शेवटी असायची. क्यूबातल्या अमेरिकन तळाबद्दल ते म्हणत, "भाडेकरू दरवर्षी भाड्याचा चेक पाठवतो आणि मालक तो वटवत नाही, कारण मालकाला भाडं नकोय, घर रिकामं हवंय." आमच्या मुख्याध्यापकांच्या घरात एक भाडेकरू असाच ठाण मांडून बसला होता. त्यामुळं क्यूबाबद्दल मुख्याध्यापकांना फार कळकळ वाटायची.

एवढं असून सर अमेरिकेचा द्वेष करत होते असं मला कधी वाटलं नाही. आमची एखादी पोर तिकडं शिकायला निघाली, की ते बेलापूरहून पेढे आणून तिच्या हातावर ठेवत. "जा, पोटभर शीक," म्हणत. "फक्त ज्या गावात राहशील, ते आधी कुणाचं होतं तेवढं विचार. बस."

माझं त्यांच्याशी पटत नसे ते एकाच बाबतीत. साम्राज्य म्हणजे काय हे सांगताना ते फळ्यावर एक रेघ मारत आणि म्हणत, "हा बांध." आमच्या भागात बांध कोरणं म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन शेतांमधला मातीचा बांध दरवर्षी नांगरताना वीतभर आपल्याकडं ओढायचा. एका साली कळत नाही. दहा-वीस वर्षांत बांध चालत चालत शेजाऱ्याच्या रानात जाऊन उभा राहतो. "अमेरिकेनं हेच केलं. फक्त यांचा बांध म्हणजे समुद्र होता," असं म्हणून सर थांबत आणि मग ठरलेलं वाक्य टाकत, "नाव घेत नाही, पण आमच्याही बांधापलीकडं एक अमेरिका राहते."

सगळा वर्ग मागं वळून भानुदासांच्या मुलीकडं बघायचा. भानुदास म्हणजे सरांचे शेताशेजारी. दोघं एकाच वयाचे, एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकलेले. पण बांधावरून बिनसलं आणि बोलणं बंद झालं ते झालंच. आपला बांध भानुदासांनी कोरला, असं सरांचं म्हणणं. सरांनीच कोरला, असं भानुदासांचं. भांडण जुनं आणि सगळ्या गावाला पाठ. मुलगी दप्तरात डोकं घालून बसायची. "सर, हे बरं नाही," मी एकदा स्पष्ट म्हटलं. "लेकराचा काय संबंध?" सर म्हणाले, "मी नाव कुठं घेतो?" एवढा समंजस माणूस या एका ठिकाणी हट्टी कसा होतो, याचा मला राग येई.

पुढं मी केडगावला राहायला आले आणि सरही निवृत्त झाले. फोन अधूनमधून व्हायचे. मागच्या वर्षी एक दिवस फोन आला तो अगदी लग्नाचं आमंत्रण असल्यासारखा. भानुदास बांधावर तारेचं कुंपण घालणार होते. सरांनी त्यांना थांबवलं आणि सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. "आता दूध का दूध होऊन जाईल. तुम्ही यायचंच. भूगोलाचं माणूस हजर पाहिजे."

गेले. सर इस्त्रीचा सदरा घालून बांधावर उभे. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ, शेत खऱ्या अर्थानं कसणारा. सरांचं सगळं आयुष्य फळ्यापुढं गेलं, पाणी धरणं आणि खतं टाकणं या भावानं केलं. पलीकडं भानुदास एकटेच, टोपी सारखी करत. मोजणीचा पोरगा हातात दांडीवरचं यंत्र घेऊन आला. जुन्या खुणांचे दगड त्यानं शोधले, यंत्रावर आकडे बघितले आणि चालायला लागला. मग त्यानं बांध सोडला. भानुदासांच्या बाजूला जाईल असं सगळ्यांना वाटत होतं, तर तो सरांच्या उसात शिरला. तोडणीनंतर जुन्या खोडांतून फुटलेला खोडवा गुडघ्याएवढाच होता, त्यामुळं तो कुठवर जातोय हे सगळ्यांना लख्ख दिसत होतं.

"सायेब, उलटीकडं चाललात तुमी," भाऊ ओरडला.

"मी कुठं चाललोय काका, हे यंत्र चालवतंय," पोरगा म्हणाला आणि त्यानं तिथं खुंटी ठोकायला सांगितली.

खुंट्यांची रांग उसातून दूरवर गेली. ती रांग आणि बांध यांच्यामधली पट्टी अशी, की बैलगाडी आडवी लावली असती तरी दोन्हीकडं जागा उरली असती. ती सगळी भानुदासांची होती. जमलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "आरं, मग अमेरिका कोन म्हनायची?" त्यावर एक-दोघं हसले. भानुदास हसले नाहीत. ते हसले असते तर सरांना त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

दुपारी घरी आल्यावर सर ओट्यावर बसले. भाऊ फेऱ्या मारत होता. मोजणी चुकली, वर अर्ज करू, पुन्हा मोजायला लावू, त्याला वर्षभर तरी खेळवू, असं त्याचं चाललं होतं. सर माझ्याकडं वळून हळूहळू सांगू लागले.

"मॅडम, त्या पट्टीत होतं काय? नुसता मुरूम. आम्ही तळ्यातला गाळ आणून टाकला. पाइपलाइन आणली. त्याच्याकडं असती तर बाभळी माजल्या असत्या, दुसरं काय? त्याला ती कसताच आली नसती. आमच्याकडं आली म्हणून तिची जमीन झाली. आणि इतकी वर्षं तिचा कारभार आम्हीच..."

"अहो," दारात तांदूळ निवडत बसलेल्या वहिनी म्हणाल्या. "हे तर तुमी अमेरिकेच्या तोंडी घालता ते."

सर वहिनींकडं वळले.

"त्ये न्हाई का, तिकडच्या लोकांना काई येत न्हाई, आमी त्यांना सुधरवायला गेल्तो, रस्ते आमी केले, शाळा आमी काढल्या. त्येच की हे. एक शबूद इकडचा तिकडं न्हाई."

"तू कधी माझ्या वर्गात बसलीस?"

"बसाया कशाला पायजे? तीस वर्सं तासाच्या आदल्या दिवशी इथंच तर मोठ्यानं घोकत हुता."

मला हसू फुटलं आणि दुसऱ्याच क्षणी ते गेलं, कारण सरांचा चेहरा मी पाहिला. इतका एकटा पडलेला माणूस मी फार क्वचित पाहिला आहे. भाऊसुद्धा फेऱ्या मारायचा थांबला. वहिनींना आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं असावं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या चहा टाकायला उठल्या.

चहा झाल्यावर सर भावाला म्हणाले, "अर्ज करायचा नाही. पट्टी द्यायची."

"देनारा तू कोन, दादा?" भाऊ उसळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ऊस मी लावला. थंडीत पानी मी धरलं. तू पुस्तक वाचत हुतास घरात. तवा कुठं गेल्तं तुझं देनंघेनं?"

त्याचं काही चुकत नव्हतं. मला त्याचीही बाजू पटत होती आणि तिथून उठून जावंसं वाटत होतं. सर म्हणाले, "खरं आहे तुझं. पट्टी माझ्या हिश्शातून गेली असं धर. तुझं रान आहे तेवढंच राहील." भाऊ पायात चपला घालून निघून गेला. त्या घरात तेव्हा काय तुटेल याची मला खरोखर धास्ती वाटली. बाप गेल्यापासून या दोघांनी वाटणी हा शब्दही काढलेला नव्हता.

त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. सरांचा फोन आला तेव्हा आवाज साधा होता. पट्टीतला ऊस भानुदासांनाच द्यायचा ठरला होता. हद्दीचे नवे दगड रोवायचे होते. गावातली चार माणसं येणार होती. "तुम्ही असला तर बरं," एवढंच म्हणाले.

सकाळचं कोवळं ऊन होतं. पाटाला पाणी सुटलं होतं. भाऊ येणार नाही असं सगळे धरून चालले होते, पण तो आला. खांद्यावरची पहार त्यानं खाली घेतली आणि खड्डा घ्यायला लागला. त्याला पाहून वहिनींनी पदरानं डोळे टिपले. भानुदास नारळ घेऊन आले होते. सरपंच म्हणाले, चला, नारळ फोडा, शुभ काम आहे. भानुदासांनी नारळ फोडला नाही.

"जिमीन घेतो मी," ते म्हणाले. "माझीच हाय ती. पन सर, माझी पोरगी तुमच्या वर्गात बसायची. तिच्यादेखत मला अमेरिका म्हनायचात तुमी. घरी यायची ती आन मला इचारायची, दादा, आपन खरंच कोरलाय का वं बांध? मी न्हाई म्हनायचो. तिला खरं वाटायचं न्हाई. सर कसं खोटं बोलतील? त्याचं काय करायचं आता?"

सगळे सरांकडं बघू लागले. सरपंचांनी घसा साफ केला, जाऊ द्या म्हणाले. दोन-दोन तास न थांबता बोलणारा हा माणूस खड्ड्याकडं नुसता बघत उभा होता. आता हा नेहमीसारखा काहीतरी दाखला देणार आणि सगळं घालवणार, अशी मला भीती वाटली. पण तो बोलला तेव्हा त्याच्या तोंडून वर्गातली भाषा आली नाही.

"कासरा माझ्या हातात असायचा, भानू," सर म्हणाले. "शाळंला सुटी आसली की वडील मला संगं आनायचे. ते नांगर धरायचे आन मी बैलांच्या पुढं. बांधाशी आलं की मागून म्हनायचे, घे जरा आत. मी घ्यायचो. मला ठावं हुतं त्ये काय हाय ते. वडील गेले, तवा मला वाटलं, तुमी पन तेवढंच कोरून माघारी घेतलं आसंल. समदेच घेतात. मग तूच जास्ती घेतलंस आसं धरून चाललो मी. तसं धरलं की मला बरं वाटायचं."

भावाच्या हातातली पहार थांबली. त्यालाही हे ठाऊक नसावं. बापाबद्दल असं चारचौघांत बोलणं आमच्याकडं फार अवघड असतं. त्यांच्याबद्दलचा माझा सगळा जुना राग त्या क्षणी उतरला.

भानुदासांनी हातातला नारळ खाली ठेवला.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "मी लिंबाखाली गुरं घिऊन बसल्याला आसायचो. समदं बघायचो."

"मग तवाच का न्हाई बोललास? तुझ्या वडलांना सांगायचं तरी."

"सांगून?" भानुदास म्हणाले. "आख्ख्या वर्गात माझ्याशेजारी बसनारा तू एकलाच हुतास."